जंजिरा : सुरतेच्या तनख्यावर टिकलेला जलदुर्ग

रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ, राजपुरी खाडीच्या मुखाशी एका खडकाळ बेटावर जंजिरा उभा आहे. अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट. त्याचेच मराठी रूप ‘जंजिरा’. मूळच्या कोळ्यांच्या मेढेकोटाच्या जागी निजामशाहीच्या काळात येथे पक्की तटबंदी आली आणि आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी तेथे स्वतःची सत्ता स्थापन केली.

हा दुर्ग अजिंक्य राहिला याचे श्रेय सहसा तटाला आणि तोफांना दिले जाते. मात्र त्यामागे सुरतही होती. हजयात्रेचे आणि व्यापाराचे मोगलांचे हे प्रमुख बंदर शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये लुटले. त्याच सुमारास सिद्दी मोगलांच्या चाकरीत आले. औरंगजेबाने त्यांच्या सरदाराला ‘याकूतखान’ हा किताब दिला, तर आरमाराच्या खर्चासाठी सुरतेच्या महसुलातून तनखा मिळू लागला. १६८२ च्या मोहिमेत संभाजीराजांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत सेतू बांधण्याचा प्रयत्न केला. तरीही दुर्ग हाती आला नाही.

पुढे सुरतेचा किल्लाही सिद्दींकडे गेला. १७५९ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या गादीवरील एका दावेदाराने आपला हक्क पेशव्यांना दिला आणि मोबदल्यात सुरतेजवळचे सचिन मिळवले. जंजिरा मात्र प्रतिस्पर्धी सिद्दीच्याच ताब्यात राहिला. दोन्ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली.

भेटीसाठी

गोव्याहून एका दिवसात जाऊन येणे शक्य नाही. कोकण रेल्वेने रोह्याला उतरून रस्त्याने मुरूड गाठावे व तेथे मुक्काम करावा. म्हणजे दुसरा पूर्ण दिवस किल्ल्यासाठी मिळतो. राजपुरी धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. महादरवाजा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आत कलाल बांगडी ही प्रचंड तोफ, गोड्या पाण्याचे तलाव आणि समुद्राकडे उघडणारा दर्या दरवाजा पाहावा. होडीवाले परतीची वेळ ठरवून देतात, म्हणून काय पाहायचे ते आधीच निश्चित करावे. पिण्याचे पाणी सोबत न्यावे. तटावरून वायव्येला शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग दिसतो. समोरासमोरच्या या दोन दुर्गांतच दीर्घ संघर्षाची खूण आहे.