पॉलिकार्प, संत

पॉलिकार्प, संत : (सु. ६९–सु. १५५). आरंभकालीन ख्रिस्ती रक्तसाक्षी व स्मर्ना (आजचे इझमिर, तुर्कस्तान) येथील बिशप. तो प्रेषित योहानाचा शिष्य होता, असे त्याला बालपणी पाहिलेल्या इरेनियसने नमूद केले आहे. त्याने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ईस्टरच्या तिथीवरील वादासंबंधी तो उतारवयात रोमला गेला. पोप अनिसेटसशी त्याचे एकमत झाले नाही. सलोखा मात्र टिकला.

त्याच्या मृत्यूचा वृत्तांत स्मर्नाच्या मंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीस पाठविलेल्या पत्रात आहे. त्यानुसार, ख्रिस्ताला नाकारण्याची प्रांताधिपतीची आज्ञा त्याने धुडकावली. ८६ वर्षे ज्याची सेवा केली त्या राजाची निंदा करणार नाही, असे तो म्हणाला. क्रीडांगणात त्याला चितेवर चढविले. पण ज्वाळांनी देह जळेना, तेव्हा खंजीर खुपसून ठार केले.

मृतदेह दिल्यास ख्रिस्ती लोक ख्रिस्ताला सोडून यालाच भजू लागतील, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. त्यामुळे रोमन शतपतीने देह जाळून टाकला. अनुयायांनी रत्नांहून मौल्यवान मानलेल्या अस्थी गोळा करून योग्य स्थळी ठेवल्या आणि दरवर्षी तेथे जमून मृत्युदिन ‘जन्मदिन’ म्हणून पाळण्याचे ठरविले. उपासना ख्रिस्ताची, रक्तसाक्ष्यांवर त्याचे शिष्य म्हणून प्रेम, असा भेदही पत्रात स्पष्ट केला आहे. अवशेषवंदनाचा हा सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक मानला जातो. काही अभ्यासक मात्र पत्राचा उपलब्ध मजकूर तिसऱ्या शतकातील समजतात.

पुढे रक्तसाक्ष्यांच्या थडग्यांवर चर्च उभी राहिली. अवशेषांचे तुकडे गावोगाव नेले जाऊ लागले, तशी बनावट अवशेषांची विक्रीही वाढली. निकीयाच्या दुसऱ्या परिषदेने (७८७) नव्या चर्चच्या प्रतिष्ठापनेत रक्तसाक्ष्यांचे अवशेष ठेवणे आवश्यक ठरविले. कॅल्व्हिनने १५४३ मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहून या प्रथेची खिल्ली उडविली. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये तिला पाठिंबा दिला, परंतु अंधश्रद्धा व नफेखोरी यांना मनाई केली. स्मर्नाच्या पत्रातील उपासना व आदर हा भेदच कॅथलिक समर्थनाचा पाया राहिला आहे.

कॅथलिक व ऑर्थोडॉक्स पंचांगांत पॉलिकार्पचा स्मृतिदिन २३ फेब्रुवारीला असतो.