सरकारी खर्चाने शिकवणी : अमेरिकेतील एका प्रयोगाचा हिशेब

८ जानेवारी २००२ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ओहायो राज्यातील हॅमिल्टन येथील एका हायस्कूलमध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर स्वाक्षरी केली. एकही मूल मागे राहू नये, हा त्या नावाचा आशय. या कायद्याने देशभरातील सरकारी शाळांवर वार्षिक परीक्षांचे बंधन घातले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. याच कायद्यातील एका तरतुदीची मात्र त्या मानाने फारशी चर्चा झाली नाही. परीक्षांत वारंवार मागे पडणाऱ्या शाळांमधील गरीब मुलांना शाळेच्या वेळेबाहेर शिकवणी मिळावी, शिकवणारी संस्था पालकांनी निवडावी आणि खर्च सरकारी निधीतून व्हावा, अशी ती तरतूद होती. ऐपतदार कुटुंबे आपल्या मुलांसाठी जी मदत पदरचे पैसे मोजून विकत घेतात, तीच मदत गरिबाच्या मुलाला हक्क म्हणून देण्याचा हा प्रयत्न होता. दशकभर तो चालला आणि नंतर गुंडाळला गेला. निधी उपलब्ध असूनही तो मुलापर्यंत पुरेसा का पोहोचला नाही, हे समजून घेण्यासाठी या प्रयोगाचा हिशेब आजही पाहण्यासारखा आहे.

कायद्याची चौकट

अमेरिकेत शालेय शिक्षण हा मुख्यत्वे राज्यांचा आणि स्थानिक शिक्षण मंडळांचा विषय आहे. शाळांच्या एकूण खर्चात केंद्र सरकारचा वाटा अल्प असतो. गरीब वस्त्यांतील शाळांना केंद्राकडून मिळणाऱ्या मदतीचा पाया अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याने घातला गेला. या कायद्याचा पहिला भाग ‘टायटल वन’ या नावाने ओळखला जातो आणि गरीब मुलांच्या संख्येनुसार निधीचे वाटप त्याच्याच आधारे होते. ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ हा नवा स्वतंत्र कायदा नव्हता. १९६५ च्या कायद्याचेच ते सुधारित रूप होते. २००१ मध्ये सुमारे ८.८ अब्ज डॉलर असलेला टायटल वन निधी २००७ पर्यंत सुमारे १२.८ अब्ज डॉलरवर गेला.

या निधीच्या बदल्यात राज्यांवर काही अटी आल्या. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची दरवर्षी वाचन आणि गणित या विषयांत परीक्षा घ्यायची, हायस्कूलमध्ये किमान एकदा घ्यायची, आणि निकाल वंश, उत्पन्न, अपंगत्व व इंग्रजीचे ज्ञान यांनुसार गटवार जाहीर करायचे. शाळेच्या प्रत्येक गटाने ठरलेले वार्षिक उद्दिष्ट गाठले पाहिजे, असा दंडक होता. २०१३-१४ पर्यंत सर्व मुले राज्याने ठरविलेल्या पातळीला पोहोचावीत, हे अंतिम लक्ष्य होते.

सलग दोन वर्षे उद्दिष्ट हुकलेल्या टायटल वन शाळेतील पालकांना मूल दुसऱ्या सरकारी शाळेत हलविण्याची मुभा मिळे. तिसऱ्या वर्षीही उद्दिष्ट हुकले, की त्या शाळेतील अल्प उत्पन्न गटातील मुलांना मोफत शिकवणीचा हक्क प्राप्त होई. कायद्याच्या भाषेत या शिकवणीला ‘पूरक शैक्षणिक सेवा’ असे नाव होते. त्यानंतरही सुधारणा न झाल्यास शाळेवर अधिक कठोर कारवाई होई आणि अखेरीस तिची फेररचना करावी लागे.

हक्क कोणाचा?

या तरतुदीतील मूळ अडचण पात्रतेच्या निकषातच होती. शिकवणीसाठी मूल स्वतः परीक्षेत मागे पडलेले असण्याची अट नव्हती. त्याची शाळा मागे पडलेली असावी आणि त्याचे कुटुंब गरीब असावे, एवढेच पाहिले जाई. निधी अपुरा पडल्यास कमी गुण मिळविणाऱ्या मुलांना प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगत होता. पण ती नंतरची पायरी होती. परिणामी, उद्दिष्ट गाठलेल्या शाळेतील एखादे गरीब मूल वाचनात कितीही मागे असले तरी त्याला या योजनेचे दार बंद होते. उलट, मागे पडलेल्या शाळेतील बरे गुण मिळविणारे मूल पात्र ठरू शके. परीक्षा शाळेची होती आणि मदतही शाळेच्या निकालावरून ठरत होती. प्रत्यक्ष मूल या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे होते.

पैशाचा हिशेब

शिकवणीसाठी केंद्राने वेगळा निधी दिला नव्हता. स्थानिक शिक्षण मंडळाला मिळणाऱ्या टायटल वन अनुदानाच्या २० टक्क्यांइतकी रक्कम शाळा बदलणाऱ्या मुलांचा प्रवासखर्च आणि शिकवणी या दोन बाबींसाठी राखून ठेवावी लागे. मागणी असल्यास दोन्ही बाबींना किमान पाच-पाच टक्के देणे बंधनकारक होते. उरलेले दहा टक्के गरजेनुसार कोणत्याही बाबीवर खर्च करता येत. प्रत्येक मुलामागील खर्चालाही मर्यादा होती. शिकवणीचा प्रत्यक्ष खर्च किंवा त्या मंडळाचे दरडोई टायटल वन अनुदान, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच दिली जाई.

याचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या मंडळाला वर्षाला एक कोटी डॉलर अनुदान मिळाले, तर २० लाख डॉलर राखीव राहतील. ती सर्व रक्कम शिकवणीवर खर्च केली आणि एका मुलामागे १,५०० डॉलर धरले, तरी लाभ जेमतेम १,३०० मुलांना मिळेल. मागे पडलेल्या शाळांत त्या मंडळाची आठ-दहा हजार गरीब मुले असतील, तर बहुतेकांचा हक्क कागदावरच राहणार, हे उघड आहे. शिवाय शिकवणीचा दर ताशी ५० डॉलर असेल, तर १,५०० डॉलरमध्ये एका मुलाला वर्षभरात केवळ ३० तास मिळतात.

तरीही निधीची टंचाई ही पहिली अडचण ठरली नाही. सुरुवातीच्या वर्षांत अनेक ठिकाणी उपलब्ध जागांपेक्षा येणारी मुलेच कमी होती.

मुले आली का नाहीत?

अमेरिकी संसदेच्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ या लेखापरीक्षण संस्थेने २००६ मध्ये या योजनेची पाहणी प्रसिद्ध केली. पात्र मुलांपैकी २००३-०४ मध्ये १२ टक्के, तर २००४-०५ मध्ये १९ टक्के मुलांनीच शिकवणीचा लाभ घेतल्याचे तिच्यात नमूद होते. दर पाच पात्र मुलांपैकी चार मुले योजनेबाहेर राहिली, असा याचा अर्थ.

यामागे अनेक कारणे होती. राज्याच्या परीक्षांचे निकाल उशिरा लागत. अनेकदा नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर शाळांचा दर्जा निश्चित होई. त्यानंतर पालकांना पत्रे जात, अर्ज मागविले जात, संस्थांशी करार होत. या साऱ्यात पहिले सत्र निघून जाई आणि वसंत ऋतूतील पुढची परीक्षा दारात उभी राही. पालकांना जाणाऱ्या पत्रांची भाषा अनेक ठिकाणी क्लिष्ट असे. शाळा सुटल्यानंतर मुलांना शिकवणीला नेण्या-आणण्याचा प्रश्न होताच. ग्रामीण भागात शिकवणाऱ्या संस्थाच थोड्या होत्या. अपंग मुले आणि इंग्रजी न जाणणारी मुले यांना शिकविण्याची तयारी असलेल्या संस्था तर फारच कमी होत्या. वस्तुतः परीक्षेत सर्वाधिक मागे राहणाऱ्या गटांपैकी हे दोन गट.

याखेरीज एक अवघड प्रश्न हितसंबंधांचा होता. पालकांना माहिती देण्याची जबाबदारी स्थानिक मंडळावर होती आणि मागणी कमी राहिली तर न वापरलेली राखीव रक्कम त्याच मंडळाला अन्य शैक्षणिक कामांसाठी वापरता येत होती. ज्याने दवंडी पिटायची, त्याच्याच पदरात उरलेले पैसे पडायचे, अशी ही रचना होती. हे लक्षात आल्यानंतर ऑक्टोबर २००८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने नियम कडक केले. पालकांना वेळेवर माहिती दिली आणि नोंदणीसाठी पुरेशी संधी दिली, हे दाखविल्याशिवाय उरलेली रक्कम दुसरीकडे वळविता येणार नाही, अशी अट घालण्यात आली. मंडळांची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. हाच पैसा शाळेत जादा शिक्षक नेमण्यासाठी वापरता आला असता, तो खासगी संस्थांच्या हाती का द्यावा, असा त्यांचा सवाल होता.

शिकवणारे कोण?

शिकवणी देणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचे काम राज्य सरकारांकडे होते. खासगी कंपन्या, स्वयंसेवी आणि धार्मिक संस्था, तसेच काही अटींवर खुद्द शिक्षण मंडळेही या यादीत येऊ शकत. कायद्याने वर्गातील शिक्षकांसाठी उच्च पात्रतेचा आग्रह धरला होता. शिकवणी घेणाऱ्यांवर मात्र ती सक्ती करण्यास राज्यांना मनाई होती. अनेक ठिकाणी दिवसा वर्गात शिकविणारे शिक्षकच संध्याकाळी शिकवणी संस्थेचे मानधन घेऊन शिकवीत.

जे मंडळ स्वतःच उद्दिष्टात मागे पडले असेल, त्याला शिकवणी देता येणार नाही, असा नियम होता. शिकागोच्या शिक्षण मंडळाने त्याला आक्षेप घेतला. खासगी कंपन्यांपेक्षा आपण कमी खर्चात अधिक मुलांना शिकवू शकतो, असे त्याचे म्हणणे होते. अखेर २००५ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी शिकागोला प्रायोगिक सवलत दिली.

फायदा किती झाला?

या प्रश्नाचे उत्तर अभ्यासागणिक बदलते. ‘रँड’ या संशोधन संस्थेने २००७ मध्ये नऊ मोठ्या शहरी मंडळांचा अभ्यास केला. शिकवणी घेतलेल्या मुलांच्या वाचन व गणितात सरासरी लहान, पण स्पष्ट सुधारणा झाल्याचे त्यात दिसले. ‘मॅथमॅटिका’ या संस्थेने सहा मंडळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये काढलेला निष्कर्ष वेगळा होता. जेथे जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तेथे गुणांच्या आधारे निवडल्या गेलेल्या आणि थोडक्यात संधी हुकलेल्या मुलांची तुलना करता, निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. याच अभ्यासात एका मुलाला वर्षभरात मिळालेली शिकवणी सरासरी २० तासांच्या आसपासच होती. अन्य संशोधकांच्या मते परिणाम दिसण्यासाठी सुमारे ४० तासांची गरज होती. औषध कुचकामी होते, की मात्राच अपुरी होती, हा वाद त्यामुळे शेवटपर्यंत मिटला नाही.

योजनेचा शेवट

दरम्यान, उद्दिष्टांची पट्टी दरवर्षी वर सरकत होती. २०११ पर्यंत देशातील सुमारे निम्म्या शाळा त्या पट्टीखाली गेल्या. त्या वर्षी ओबामा प्रशासनाने राज्यांना कायद्यातील काही अटींतून सूट देण्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी २०१२ पासून अशा सवलती मिळू लागल्या. सवलत मिळालेल्या अनेक राज्यांनी २० टक्के राखीव निधीची आणि शिकवणीची सक्ती सोडून दिली. १० डिसेंबर २०१५ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ या नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि शिकवणीचा हक्क पूर्णपणे संपुष्टात आला. वार्षिक परीक्षा मात्र कायम राहिल्या. नव्या कायद्यात राज्यांना टायटल वन निधीपैकी तीन टक्क्यांपर्यंत रक्कम शिकवणीसारख्या थेट सेवांसाठी बाजूला काढता येते. पण ते ऐच्छिक आहे.

कोरोनाच्या साथीनंतर हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. मार्च २०२१ च्या मदत कायद्याने शाळांसाठी सुमारे १२२ अब्ज डॉलर मंजूर केले आणि मंडळांना आपल्या वाट्यातील किमान २० टक्के रक्कम बुडालेल्या अभ्यासाची भरपाई करण्यासाठी खर्च करणे भाग पाडले. या वेळी पूर्वीच्या चुकांमधून काही धडे घेतलेले दिसतात. आठवड्यातून किमान तीन वेळा, तीन-चार मुलांच्या गटाला, शक्यतो शाळेच्या वेळेतच आणि एकाच शिक्षकाने शिकवावे, अशा पद्धतीवर भर देण्यात आला. टेनेसी राज्याने २०२१ च्या कायद्याने तिसरीच्या वाचन परीक्षेला वरच्या वर्गात जाण्याशी जोडले; पण त्याचबरोबर मागे पडलेल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग आणि शिकवणीची सोयही केली. साथकाळातील केंद्रीय निधीच्या विनियोगाची मुदत मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये संपली.

महाराष्ट्रासाठी धडा

हा हिशेब महाराष्ट्रालाही परका नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. मात्र त्याआधी अशा मुलाला अतिरिक्त मार्गदर्शन देणे आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी देणे कायद्याने आवश्यक आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलून ही पद्धत स्वीकारली. येथे अमेरिकेप्रमाणे शाळेचा निकाल पाहिला जात नाही. प्रत्यक्ष मुलाचाच निकाल पाहिला जातो, ही जमेची बाजू. तथापि, दोन महिन्यांचा अवधी आणि तोही बहुतांशी उन्हाळी सुटीत, हे पाहता जुने प्रश्न नव्याने उभे राहतात. हे मार्गदर्शन किती तासांचे असेल, ते कोण देईल, त्याचे मानधन कोणत्या शीर्षाखाली मिळेल आणि सुटीत ऊसतोडीवरून किंवा गावाकडून न परतलेल्या मुलापर्यंत ते कसे पोहोचेल, या प्रश्नांच्या उत्तरांवरच फेरपरीक्षेचा अर्थ अवलंबून आहे.

परीक्षेचे वेळापत्रक कायद्याने ठरवता येते. मदतीचेही वेळापत्रक तितक्याच काटेकोरपणे ठरले नाही, तर दुसरी परीक्षा ही पहिल्याच निकालाची पुनरावृत्ती ठरते.