लांडगा नसलेल्या बेटावर

लांडग्याचं तोंड आणि माणसाचे हात असलेलं काही शोधायला तुम्ही इथे आला असाल, तर त्या भूर्जांच्या झाडीकडे बघू नका. तिथे फार तर कोल्हा सापडेल. माणसं येण्याआधी आइसलँडच्या जमिनीवर दुसरा सस्तन प्राणीच नव्हता. साधारण ९२२ सालचा हिवाळा आहे. पश्चिम किनाऱ्यावर, बोर्गच्या वस्तीजवळ, सांडविकच्या मोकळ्या जागेत तुम्ही उभे आहात. आणि ज्याच्यापासून जपायचं, तो तुमच्यासमोर चेंडू खेळतोय.

टकलामुळे त्याला स्कालाग्रीम म्हणतात. दांडगा, काळा, कुरूप, म्हातारपणाकडे झुकलेला. समोर त्याचा बारा वर्षांचा मुलगा एगिल आणि विशीतला थोर्द, एगिलचा जिवलग. म्हातारा दमलाय, पोरं जिंकतायत, आणि तुम्हाला त्याची दया येते. येऊ द्या. दिवसाउजेडी हा माणूस खरोखरच भला आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भट्टी पेटवतो. ऐरणीसाठी मनासारखा दगड मिळेना, तेव्हा एकटाच होडी घेऊन निघाला आणि समुद्राच्या तळाशी बुडी मारून एक दगड वर घेऊन आला. चौघांनी मिळून उचलावा असा जड. वाहून आलेलं लाकूड, सील, देवमासे, पाखरांची अंडी, डोंगरावर चरणाऱ्या मेंढ्या, या रिकाम्या मुलखात पोट भरायच्या सगळ्या वाटा त्याने हुडकल्या आहेत.

त्याचा बाप क्वेल्डुल्फ तिकडे नॉर्वेत असाच होता. सकाळी शेताची, कारागिरांची देखरेख, विचारील त्याला शहाणपणाचा सल्ला. दिवस कलला, की त्याच्याशी बोलायची सोय नसे. लोक म्हणत, हा रात्री रूप बदलतो. त्याच्या मामाला तर सरळ अर्धा ट्रोलच म्हणत. क्वेल्डुल्फचा थोरला मुलगा राजा हाराल्डने मारला, तेव्हा या बापलेकांनी राजाच्या माणसांचं एक जहाज गाठून सूड उगवला. त्या लढाईत म्हाताऱ्याच्या अंगात आलं, आणि अंगातलं उतरल्यावर तो असा खचला की पुन्हा उठला नाही. भर समुद्रात मेला. त्याची शवपेटी लाटांवर सोडली होती. ती जिथे किनाऱ्याला लागली, त्याच्या जवळपास मुलाने घर बांधलं. या बेटावर लांडगा आला तो असा, जहाजात बसून, माणसाच्या रक्तातून.

आता पश्चिमेकडे बघा. सूर्य बुडाला.

म्हाताऱ्याची धाप थांबलीय. खांदे रुंदावल्यासारखे दिसतात. तो थोर्दला उचलतो आणि गोठलेल्या जमिनीवर असा आपटतो, की हाडं मोडल्याचा आवाज तुमच्यापर्यंत येतो. पोरगा जागच्या जागी संपला. मग हात एगिलकडे वळतात. एगिल त्याचा स्वतःचा मुलगा आहे, हे त्या हातांना आता ठाऊक नाही.

तुमचे पाय हलत नाहीत. हलते ती ब्राक. घरची गुलाम बाई, एगिलला लहानाचं मोठं करणारी, पुरुषासारखी बळकट, मंत्रतंत्र जाणणारी. ती ओरडते, पोटच्या पोरावर उलटलास काय! तिला या घरात कसलाच हक्क नाही, मालकाला अडवायचा तर नाहीच. पण पोर तिचं आहे. स्कालाग्रीम एगिलला सोडतो आणि तिच्यामागे लागतो.

आता ही शिकार आहे. ती डिग्रानेसच्या टोकाकडे धावते, तिथून पुढे फक्त कडा आणि खाली पाणी. ती उडी घेते. एवढ्यावर थांबला असता, तर तो रागावलेला माणूस म्हणता आला असता. तो वाकतो, एक भला थोरला दगड उचलतो आणि पोहणाऱ्या बाईच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध हाणतो. दगड बुडतो. ब्राकही वर येत नाही.

तीनशे वर्षांनी, तेराव्या शतकात, एगिलची सागा लिहिणारा हे सगळं मोजक्या ओळींत सांगून पुढे जातो. एगिल पुढे त्या काळचा थोर कवी झाला आणि लढवय्याही. पण तो जगला तो या बाईमुळे, आणि मला या सागेत तिच्याइतकं धीराचं माणूस दुसरं दिसत नाही.

रात्री घरात मेजं मांडली जातात. एगिल आत येतो, बापाच्या सर्वांत लाडक्या कारभाऱ्यापाशी जातो आणि एका घावात त्याला ठार करतो. तुम्ही स्कालाग्रीमकडे बघता. तो काही बोलत नाही. तो सबंध हिवाळा बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत.

थोडं पुढे सरका, पंचवीसएक वर्षं. एका सकाळी म्हातारा बिछान्याच्या कडेवर बसलेला, ताठ, मेलेला सापडतो. एगिल त्याला मागे आडवं करतो, शेवटचे संस्कार उरकतो आणि दाराकडे नेतच नाही. दक्षिणेची भिंत फोडायला लावून तिथून बाहेर काढतो. मेलेला गेल्या वाटेने परतू नये, म्हणून असं करत. मग डिग्रानेसच्याच टोकावर घोडा, शस्त्रं आणि लोहारकामाची हत्यारं बरोबर देऊन त्याच्यावर मातीची टेकडी रचतात. ब्राकच्या नावाने तेव्हा कुणी मूठभर माती टाकत नाही. तिचं नाव खालच्या सामुद्रधुनीला पडतं, आणि आजच्या बोर्गार्नेस गावात ते नकाशावर आहे.