वीस गुणांची असाइनमेंट आणि ‘गझनफर’

आजचा भाग माझ्या मामेबहिणीच्या कॉलेजच्या असाइनमेंटमुळे सुचला, त्यामुळे श्रेय तिचं आणि चुका माझ्या. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे कमी केलेत.

ती सोलापुरात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ, मामा तिथल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात. असाइनमेंट अशी होती: ‘तुमच्या परिसरातील माध्यमांचा इतिहास. पाच मिनिटांचा ऑडिओ आणि लेखी फाइल. गुण २०.’ रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, ‘दादा, आमच्या परिसरात कुठलं आलंय माध्यम? इथं नुसते टॉवेल.’

सोबत चॅटबॉटकडून लिहून घेतलेला मसुदा. ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’. १८८१, ‘केसरी’ आणि ‘मराठा’. मग आकाशवाणी, मग दूरदर्शन, मग सोशल मीडिया. चूक एकही नव्हती. पण ‘सोलापूर’ हा शब्दही नव्हता! हीच फाइल नागपूरच्या किंवा कणकवलीच्या मुलाने दिली असती तरी चाललं असतं. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर टेम्पलेट तयार होतं, डेटा भरायचा राहिला होता.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस पकडली. वर्षानुवर्षं मी या गाडीने जातोय. डब्यात निम्मे लोक माझ्यासारखेच, मांडीवर लॅपटॉप, पाठीवर कंपनीची बॅग. ‘हुतात्मा मिळाली का?’ असं आपण सहज विचारतो. कोण हुतात्मा, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. चार हुतात्म्यांचे पुतळे सोलापुरात आहेत, शाळेत असताना हारही घातलेत. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. इतकं पाठ होतं. पण यातले कुर्बान हुसेन पत्रकार होते, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत होते, हे मला त्या गाडीत बसून, सत्ताविसाव्या वर्षी कळलं. गझनफर म्हणजे सिंह. वय त्यांचं जेमतेम विशीचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीएवढं.

आता जरा मागे जाऊ. १८७७ साल धरा. त्या साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, जिला लोक पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. आणि त्याच साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण मला ही जोडी आवडते, कारण यंत्र आणि यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाचं पत्र एकाच वर्षात जन्मलं. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधू’ मुंबईला नेलं. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. कामाचे तास सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेपर्यंत. कामावर जखमी झाल्यास भरपाई. यातली रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. तुम्ही रविवारी दहापर्यंत झोपता, त्यात एका संपादकाचा वाटा आहे.

ही यादी मी जेवताना मामांना वाचून दाखवली. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, ‘ही आत्ताची आहे का?’

असो. १९३० कडे येऊ, खरी गोष्ट तिथे आहे.

मिठाचा सत्याग्रह सुरू होता. २७ एप्रिलला व्हाइसरॉय आयर्विनने प्रेस अध्यादेश काढला. सरकारला न आवडणारं छापलं तर छापखान्याकडून जामीन मागायचा आणि पुढे छापखानाच जप्त करायचा. गांधीजींचा नवजीवन छापखाना असाच गेला, आणि ‘यंग इंडिया’ सायक्लोस्टाइलवर, म्हणजे हाताने फिरवायच्या यंत्रावर निघू लागलं. सर्व्हर बंद पाडला तर लोक पेनड्राइव्ह फिरवतात, तसं. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, रस्ते माणसांनी भरले. ८ मे रोजी शिंदीची झाडं तोडणाऱ्यांच्या अटकेवरून गर्दी आणि पोलीस भिडले, गोळीबार झाला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी गाठली, दोन पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. पोलीस शहरातून बाहेर पडले. पुढचे तीनेक दिवस लाखाच्या वर वस्तीचं हे शहर काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळत होते. रस्त्यावरची वाहतूकसुद्धा. सोलापूर आधी स्वतंत्र झालं असं आम्ही फुशारकीने सांगतो ते यावरूनच.

१२ मेच्या रात्री मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. इथे मास मीडियाच्या मुलांनी कान टवकारावेत. लष्कराला फक्त बंदुकांची भीती नव्हती. काँग्रेसचा झेंडा लावणं गुन्हा ठरला. गांधी टोपी घालणं गुन्हा ठरला. विचार करा, डोक्यावरच्या टोपीला सरकार माध्यम मानत होतं! आणि सरकार बरोबर होतं, कारण ज्या शहरात बहुतेकांना लिहितावाचता येत नाही तिथे टोपी हेच वर्तमानपत्र. ‘कर्मयोगी’ या सोलापूरच्या पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही मार्शल लॉच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. कुर्बान हुसेन आणि उरलेल्या तिघांवर त्या दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. शेवट तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे ‘परिसरातील माध्यम’ होतं. एक संपादक तुरुंगात गेला आणि एक फासावर. आणि आपण फाइलमध्ये पहिल्या पानावर ‘दर्पण’चं चित्र चिकटवून मोकळे होतो. मला ‘दर्पण’बद्दल राग नाही. पण असाइनमेंट देणाऱ्याने ‘तुमच्या परिसरातील’ हा शब्द उगाच घातलेला नसतो, आणि तो शब्द आपण सर्वात आधी गाळतो.

एक आणखी गंमत, खास डेटावाल्यांसाठी. इंग्रज सरकार देशी भाषांतल्या पत्रांवर दर आठवड्याला एक गोपनीय अहवाल तयार करायचं. कुठलं पत्र, कुठल्या गावचं, कुठल्या भाषेतलं, किती प्रती खपतात, आणि या आठवड्यात सरकारबद्दल काय लिहिलं, त्याचा इंग्रजी सारांश. सोलापूरचं जुनं साप्ताहिक ‘कल्पतरू’ त्या यादीत दिसतं. आज आम्ही कंपन्यांना सोशल मीडियावरचा मूड मोजून देतो आणि त्याचे पैसे घेतो. तेव्हा हे काम भाषांतरकार पेनाने करायचे. उपरोध असा, की ज्या पत्रांचे मूळ अंक कुणी जपले नाहीत, त्यांचा मजकूर लक्ष ठेवणाऱ्यानेच थोडाफार जपून ठेवला. फक्त वाचताना विसरायचं नाही की हा सारांश आहे आणि तो घाबरलेल्या माणसाने केलाय.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं रेकॉर्डिंगला एमआयडीसीत गेलो. मामांच्या ओळखीच्या एका शेडमध्ये एक अण्णा भेटले. पद्मशाली, घरात तेलुगू, शेडमध्ये मराठी आणि हिंदी, वडील गिरणीत होते. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तशी माणसं यंत्रमागांवर आली आणि पुढे या एमआयडीसीत. सोलापुरी चादर आणि टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. ते विणणाऱ्याचं नाव मात्र त्यावर नसतं.

मामेबहिणीने विचारलं, ‘अण्णा, इथली बातमी तुम्हाला कुठून कळते?’ अण्णा म्हणाले, ‘व्हॉट्सॅपवर. आग लागली तेव्हा सगळ्या देशाने बघितलं.’ १८ मे २०२५ च्या पहाटे इथल्या एका टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले, त्याबद्दल ते बोलत होते. मग म्हणाले, ‘त्याच्या आधी कोण आलं होतं इथं माइक घेऊन? तू पहिली.’

ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने प्रश्नांचा कागद घडी करून ठेवला आणि लोखंडेंच्या त्या पाच मागण्या एकेक करून अण्णांना विचारायला लागली. सुट्टी कधी? जेवायला किती वेळ? पगार किती तारखेला? अण्णा उत्तर देत गेले. कुठल्या शेडमधली उत्तरं, ते मी इथे सांगणार नाही, कारण उद्या त्यांना तिथेच कामाला जायचंय.

घरी येऊन फाइल ऐकली तर वेगळाच घोटाळा. अण्णांचा आवाज स्वच्छ, पण मागे मागाचा आवाजच नाही! धोट्याची खटखट, जिच्यामुळे आम्ही तिथे ओरडून बोलत होतो, ती गायब. फोनमधल्या नॉइज सप्रेशनने मागाला गोंगाट ठरवून पुसून टाकलं होतं. असली मॉडेलं माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीचं काढायचं एवढंच शिकलेली असतात. मी याच क्षेत्रात आहे, मला हे आधी सुचायला हवं होतं.

रविवारी ती परत गेली, एकटीच. सेटिंग बंद करून. नवीन ऑडिओत पहिली वीस सेकंदं फक्त माग ऐकू येतो, मग ती ‘गझनफर’चं नाव घेते, मग अण्णा. अधूनमधून शब्द नीट कळत नाहीत. मी म्हटलं थोडा आवाज कमी करू का, ती नको म्हणाली. फाइल मंगळवारी जमा केली. गुण अजून आलेले नाहीत.