वेढ्यातले निरीक्षण

एकदा जडलेला मधुमेह जन्मभर पाठ सोडत नाही, असे आपण ऐकत आलो आहोत. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाच्या बाबतीत हे नेहमीच खरे असते का?

सप्टेंबर १८७० ते जानेवारी १८७१ या काळात प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला होता. शहरात अन्नाचा भीषण तुटवडा पडला. तेव्हा बुशार्दा या फ्रेंच डॉक्टरांना आढळले, की उपासमारीच्या त्या दिवसांत काही मधुमेहींच्या लघवीतून साखर जाणे थांबले आहे!

असे का झाले असावे? या दिशेने नेमका प्रयोग व्हायला १४० वर्षे जावी लागली. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी ११ रुग्णांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींचाच आहार दिला. आठवडाभरातच त्यांची उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. यकृतातील आणि स्वादुपिंडातील चरबी घटली आणि इन्शुलिन पुन्हा नीट स्रवू लागले. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले.

पुढे २०१७ साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्यात वजन घटवणाऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षअखेरीस औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. १५ किलो किंवा अधिक वजन घटवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते.

मात्र मधुमेह कायमचा गेला, असे आपण म्हणू शकत नाही. वजन वाढले की तो परततो. शिवाय असा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो.

बुशार्दांनी जे पाहिले, ते त्यांनी नोंदवून ठेवले. वर्गात निरीक्षणाचे मोल सांगताना आपण हीच गोष्ट सांगू या.