तान्हुल्याची बाटली आणि सुरक्षातपासणीची रांग

१० ऑगस्ट २००६ रोजी सकाळी ब्रिटनमधील विमानतळांवर आलेल्या प्रवाशांना हातातील जवळजवळ सर्व सामान मागे ठेवावे लागले. पासपोर्ट, पैशाचे पाकीट, आवश्यक औषधे, घराशिवाय चष्मा एवढेच पारदर्शक पिशवीतून नेण्याची मुभा होती. तान्ह्या मुलांच्या आईवडिलांना दूध, बाळाचा आहार आणि प्रवासापुरते लंगोट बरोबर ठेवता येत होते. पण प्रत्येक बाटलीतील दूध तपासनिसासमोर स्वतः चाखून दाखवण्याची अट होती.

या कठोरपणास कारण होते. शीतपेयाच्या बाटल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडपासून केलेले द्रवरूप स्फोटक भरून अटलांटिकपार जाणारी विमाने उडवण्याचा कट आदल्या रात्री उघडकीस आला होता. त्याबद्दल २००९ मध्ये तिघे दोषी ठरले. संपूर्ण बंदी काही दिवसांतच सैल झाली. अमेरिकेने २६ सप्टेंबरला, तर युरोपीय संघाने ६ नोव्हेंबर २००६ रोजी नवे माप लागू केले. १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या आणि त्या सर्व मावतील अशी एक लिटरची पारदर्शक पिशवी, हे ते माप. भारतातून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांनाही पुढे तेच लागू झाले. अलीकडे काही विमानतळांनी नव्या स्कॅनर यंत्रांमुळे ही मर्यादा शिथिल केली आहे. तथापि जाताना लाभलेली सवलत परतीच्या विमानतळावर मिळेलच असे नाही.

मुंबई किंवा पुण्याहून बाळासह परदेशी निघालेल्या कुटुंबाची गफलत बहुधा मापाच्या अर्थातच होते. १०० मिलिलिटर ही बाटलीची क्षमता आहे, आतल्या पदार्थाचे प्रमाण नव्हे. त्यामुळे २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी उरलेले मालिशचे तेलही जप्त होते. घट्ट तूप, मलम, जेली यांची गणनाही द्रवांतच होते. आजीने प्रेमाने दिलेला तुपाचा डबा सरळ मोठ्या बॅगेत टाकावा. नाचणीसत्त्व किंवा खिमटाचे पीठ द्रव नसल्याने त्यास हे माप लागत नाही. मात्र अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरहून अधिक भुकटीची २०१८ पासून वेगळी तपासणी होते. बाळाच्या दुधाची पावडर त्यातून वगळली आहे.

दुधाला १०० मिलिलिटरचे बंधन नाही, हे आजही अनेकांना ठाऊक नसते. प्रवासापुरते दूध आणि बाळाचा आहार नेता येतो. पण ते रांगेच्या तोंडाशीच बाहेर काढून सांगावे. पिशवीत दडलेली बाटली यंत्रावर दिसली की संशयाने चौकशी सुरू होते. आईच्या दुधाबाबतचे नियम देशागणिक निराळे आहेत. अमेरिकेत २००७ पासून बाळ सोबत नसतानाही आईला ते नेता येते. ब्रिटनमध्येही तशी मुभा आहे, मात्र गोठवलेले दूध तेथे हातसामानात चालत नाही. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एका मातेला स्वतःचेच दूध तीन बाटल्यांतून पिऊन दाखवावे लागले होते; सुरक्षेच्या नावाखाली झालेला तो शुद्ध अपमानच म्हटला पाहिजे. आज अमेरिकी नियमांत असे चाखणे अपेक्षित नाही. क्ष-किरणांतून दूध जाऊ देण्यास नकार देता येतो, मग अन्य पद्धतीने तपासणी होते आणि वेळ अधिक लागतो.

बाबागाडी, खेळणी, पांघरूण यंत्राच्या पट्ट्यावर जाते. बाळ मात्र कडेवर. ही सूचना अनावश्यक वाटेल, पण डिसेंबर २००६ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर एका आजीने महिन्याभराच्या नातवाला ट्रेमध्ये ठेवून क्ष-किरण यंत्रातून पाठवले होते. डॉक्टरांच्या तपासणीत बाळाला धोकादायक मात्रा मिळाली नसल्याचे निष्पन्न झाले. गोंधळलेल्या रांगेत, अपरिचित भाषेत, थकलेल्या माणसाकडून असे घडू शकते. म्हणून दोघे मोठे असतील तर एकाने फक्त बाळ सांभाळावे आणि दुसऱ्याने सामान पाहावे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. दोन वर्षांखालील मुलाला मांडीवर घेऊन कमी भाड्यात नेता येते. वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखल्याची प्रत जवळ असावी. पाळण्याची सोय मोजक्याच आसनांपुढे असते, तेव्हा ती तिकीट काढतानाच मागावी.

दुबईमार्गे जाणाऱ्यांनी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांकडेही एकदा पाहावे. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी असून ती अमली पदार्थांत मोडते. शिवाय विमान बदलताना अनेक ठिकाणी पुन्हा तपासणी होते आणि पहिल्या विमानतळावर आत गेल्यावर भरून घेतलेली पाण्याची बाटली तेथे टाकून द्यावी लागते. बाळाच्या दुधासाठी उकळून गार केलेले पाणी वेगळ्या बाटलीत ठेवून ते बाळाचे असल्याचे तपासनिसास आधीच सांगावे.