पुरलेले आणि फिरलेले

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, माझा एक जुना विद्यार्थी बदलापूरला माझ्या घरी आला. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबातला हा मुलगा. शाळेत असताना इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून वहीच्या पाठीमागे गलबते काढीत असे. आता नोकरीनिमित्त साता समुद्रांपलीकडे असतो. फराळ झाल्यावर त्याने खिशातून एक पितळी रंगाचे नाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. एका बाजूस कवटी नि तिच्याखाली दोन हाडांची फुली, दुसऱ्या बाजूस शिडाचे जहाज, आणि कडेला बारीक अक्षरांत एक क्रमांक.

"सर, हा चाच्यांचा खजिना," तो हसत म्हणाला.

मग त्याने तो खेळ मला समजावून दिला. उपग्रहांवरून ठिकाण दाखविणाऱ्या यंत्रणेत अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक २००० सालच्या मे महिन्याच्या २ तारखेला काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमधल्या एका गृहस्थाने रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला सापडेल त्याने आतली वस्तू घ्यावी, आपली एक ठेवावी. त्यातून जगभर पसरलेला हा छंद निघाला. हे नाणे मात्र कोणी आपल्याजवळ ठेवायचे नाही. एका डबीतून उचलायचे, क्रमांक कळवायचा, पुढच्या डबीत सोडायचे. धन्याला घरबसल्या कळते की आपले नाणे आज कोणत्या गावी आहे. या नाण्याच्या धन्याची इच्छा अशी, की त्याने चाच्यांच्या दंतकथा असलेल्या किनाऱ्यांवर हिंडावे.

"आपल्याकडे कुठे ठेवू, सर?"

बदलापूर काही समुद्रकाठचे गाव नव्हे. पण आमच्या दाराशी वाहणारी उल्हास नदी कल्याणला खाडी होते आणि वसईला समुद्राला मिळते. अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे; ते बांधणाऱ्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रातच गेला. तेव्हा समुद्र आम्हांला वाटतो तितका दूर नाही. माझ्या मनात प्रथम आला तो कल्याणचा दुर्गाडी किल्ला. कल्याण स्वराज्यात आले ते १६५७ सालच्या वसुबारसेलाच, असे सांगतात. खाडीवर किल्ल्याचा पाया खणताना अमाप द्रव्य सापडले, ती देवीची कृपा मानून किल्ल्याला दुर्गाडी नाव दिले, अशी आख्यायिका आहे. त्याच खाडीत महाराजांच्या आरमाराची पहिली गलबते तयार झाली.

नाव ओठांवर आले आणि मी थांबलो. कोकणातल्या एका किल्ल्यावर काही वर्षांपूर्वी पाहिलेला खड्डा मला आठवला. बुरुजाच्या पोटाशी पुरुषभर खणलेले, बाजूला फुटक्या नारळाची करवंटी, कुंकू, लिंबे. आपल्याकडे गुप्तधन म्हटले की त्यावर नाग आलाच. डोळ्यांत अंजन घातलेला पायाळू माणूस आला, आणि क्वचित त्याहून भयंकर असे काही आले. १८७८ चा कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांवर किमतीचे काही सापडले तर कलेक्टरला कळवावे. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांचे वेगळे कलम घालावे लागले. एवढी खणाखणी होऊन बुरूज तेवढे ढासळले.

आणि मुळात चाच्यांनी खजिना पुरला तरी होता काय?

१६९५ च्या सप्टेंबरात औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' जहाज मक्केहून सुरतेस परतत असता हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते लुटले. खाफीखान लुटीचा आकडा बावन्न लाख रुपये देतो. यात्रेकरूंचे, विशेषतः स्त्रियांचे, जे हाल झाले तेही त्याने लिहून ठेवले आहेत. बादशहाच्या कोपाने सुरतेचे इंग्रज कैदेत पडले. एव्हरीचे पाच साथीदार दुसऱ्या वर्षी लंडनला फासावर गेले. तो स्वतः नाहीसा झाला, आणि लोक त्याचा खजिना शोधीत बसले. २०१४ साली अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमध्ये एका फळबागेत चांदीचे एक अरबी नाणे निघाले. १६९३ साली येमेनमध्ये पाडलेले. तशी आणखी नाणी आसपासच्या प्रांतांत मिळाली. एव्हरीच्या माणसांनी ती तिकडे नेली असावीत, असा तर्क आहे. पण खजिना म्हणून कोणी सुटे नाणे पुरीत नाही. कोणी त्या नाण्याने दारू घेतली असेल, कोणी बैल घेतला असेल, आणि शेवटच्याच्या खिशातून ते पडले असेल.

आपल्या आंग्र्यांचेही तेच. त्यांना चाचे ठरविले इंग्रजांनी. कान्होजी तर छत्रपतींचा सरखेल. त्याच्या दस्तकावाचून जाणारे जहाज तो धरी, जसे त्याच्या आधी पोर्तुगीज आपल्या परवान्यावाचून जाणारे धरीत. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले नि हात हलवीत परतले. मुंबईच्या नाविक तळाला १९५१ साली आंग्र्यांचेच नाव दिले गेले. आलेला पैसा पुरून ठेवायला या माणसाला उसंत कुठली? लाकूड, शिडे, दोर, दारूगोळा आणि खलाशांचे पगार यांतच तो जात असणार.

कान्होजीचा मुलगा तुळाजी पेशव्यांशी फटकून वागला. नानासाहेबांनी इंग्रजांना हाताशी धरले, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला. एका गोळ्याने 'रिस्टोरेशन' हे जहाज पेटले. ते मूळचे इंग्रजांचेच, आंग्र्यांनी धरलेले. त्या आगीत तुळाजीचे आरमार जळाले. किल्ल्यात सुमारे दहा लाखांची लूट मिळाली. ती कोणी पुरून ठेवली नव्हती. तिच्या वाटण्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरविल्या होत्या. क्लाइव्हचा वाटा किती यावर कुरबूरही झाली होती. पेशव्यांच्या हाती काहीच लागले नाही. आजही विजयदुर्गाच्या भुयारात आंग्र्यांचे धन शोधणाऱ्याला मी एवढेच सांगेन की, बाबा रे, त्याचा हिशेब केव्हाच चुकता झाला.

ज्याने खरोखर पुरले असा एक चाचा इतिहासाला ठाऊक आहे. तो कॅप्टन किड. आपल्याच समुद्रात जहाजे धरून गेलेला. १६९९ साली बोस्टनला आपली बाजू मांडायला जाण्यापूर्वी त्याने गार्डिनर्स बेटावर थोडे धन पुरले. सरकारने ते लगेच उकरून पुराव्यादाखल इंग्लंडला पाठविले, आणि १७०१ साली त्याला फाशी दिले. त्याने पुरले, कारण आपण सुटून परत येऊ अशी त्याला आशा होती.

हे सारे मी भाऊबीजेला उल्हासनगरला त्या मुलाच्या घरी बसून सांगत होतो. कोपऱ्यात त्याचे आजोबा होते. वय नव्वदीकडे झुकलेले. कराचीहून आगबोटीने मुंबईला आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांपैकी ते एक. १९४९ च्या ऑगस्टच्या ८ तारखेला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तेव्हा ते शाळकरी पोर होते.

ते मध्येच म्हणाले, "मास्तर, पुरतो तो चोर नसतो. चोराला घाई असते खर्चायची. माझ्या बापाने घडा पुरला होता. चुलीच्या मागे, रात्री. आईच्या बांगड्या होत्या. म्हणाला, दोन महिन्यांत परत येऊ."

घरात कोणीच बोलले नाही. नातवाने ही गोष्ट प्रथमच ऐकली असावी. वर्गात एव्हरी, किड आणि आंग्रे वर्षानुवर्षे शिकवून जे मला नीट मांडता आले नव्हते, ते त्यांनी चुलीमागच्या एका घड्याने सांगितले. लुटणारा उधळतो, राज्य करणारा खर्च करतो. जमिनीवर विश्वास ठेवतो तो घर सोडून जाणारा गृहस्थ, आणि दुसऱ्याच्या त्या विश्वासावर आपण दंतकथा रचतो, पुढे कुदळी चालवतो.

"आता दुर्गाडीचे काय, सर?" मुलाने विचारले.

"तिथे नको," मी म्हणालो. "कवटीचे नाणे किल्ल्यात मिळाले असे उद्या कोणी ऐकले, तर परवा तिथे खड्डा पडेल."

"पुरायचे नाहीच, सर. जमीन खणायची नाही असा आता खेळाचाच नियम आहे."

तरी त्याने ते परत न्यायचे ठरविले. निघताना आजोबांनी नाणे मागून घेतले, चष्म्याजवळ धरून क्रमांक वाचला.

"हे कुठे आहे ते ह्याच्या मालकाला कळते?"

"कळते, दादा. आज इथे आहे, तेसुद्धा मी कळवले आहे."

म्हाताऱ्याने मान हलवली, नाणे धोतराच्या सोग्याने पुसले आणि नातवाच्या हातात दिले.

"मग लवकर ने पुढे," ते म्हणाले. "वाट पाहत असेल बिचारा."